मैदानापासून ६०० मीटर

डोंबिवलीत आयुष्य काढलेल्या माणसाने ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ या जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नसतो. ती ५ मिनिटं बिल्डरची असतात, आपली नसतात. हे माहीत असूनही मेलबर्नचं बुकिंग करताना ‘एमसीजीपासून ६०० मीटर’ वाचून मी हुरळले. एमसीजी म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड.

२०२० च्या डिसेंबरात, ॲडलेडला भारत ३६ वर बाद झाल्यानंतरच्या सामन्यात, आमच्या डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेने तिथे ११२ काढले आणि भारत जिंकला. बाबा तेव्हा पहाटे ५ ला शाल गुंडाळून टीव्हीसमोर बसलेले होते. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, पुढच्या वेळी प्रत्यक्ष बघू. ती पुढची वेळ म्हणजे २०२४ ची भारत-ऑस्ट्रेलिया बॉक्सिंग डे कसोटी, २६ डिसेंबरला सुरू होणारी. बाबा ७१ वर्षांचे, उजवा गुडघा अधूनमधून संपावर जाणारा. सोबत मी आणि १५ वर्षांचे चिरंजीव. तिकिटं बाबांनी स्वतः निवडली, पॉन्सफर्ड स्टँडची. कारण असं की दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, तेव्हा उत्तर-पश्चिमेच्या बाजूला बसलं तर सावली मिळते. भूगोलाच्या मास्तरांचा हिशेब, चुकायचा नाही. हॉटेल निवडणं माझ्याकडे होतं.

खरं तर निवडायचा प्रश्नच नव्हता, असं माझ्या मावसभावाचं म्हणणं. दादा-वहिनी १० वर्षं तिथेच, टारनेट या उपनगरात राहतात. “घर असताना हॉटेलात? मावशी असती तर तिला चाललं असतं का?” टारनेटहून सदर्न क्रॉस स्टेशनला गाडीने अर्धा-पाऊण तास, तिथून पुढे मैदान, घरून स्टेशनला सोडायला कोणीतरी हवं, आणि हे पाच दिवस. बाबांच्या गुडघ्याचं नाव पुढे करून मी सुटले. दादा फोनवर “बरं” म्हणाला. त्या ‘बरं’चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

सिंगापूरमार्गे सकाळी उतरलो. विमानात मिळालेल्या कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत का, याला मी इमानाने ‘हो’ केलं होतं. तिथल्या अधिकाऱ्याला मेतकूट म्हणजे काय हे सांगताना माझं सगळं इंग्रजी संपलं. शेवटी बाबा म्हणाले, “डाळीचं पीठ, भाजलेलं, भातावर घेतात.” त्याने पुडी हुंगली, मान डोलावली आणि परत दिली.

विमानतळावरून स्कायबसने सदर्न क्रॉस, तिथून ७० नंबरची ट्राम. ती फ्लिंडर्स स्ट्रीटवरून जाते, मैदानाच्या दक्षिणेकडून वळसा घेते आणि रिचमंडच्या स्वॅन स्ट्रीटवर येते. शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे. ती हद्द ओलांडली की मायकी नावाचं प्रवासाचं कार्ड टेकवायचं. हॉटेल स्वॅन स्ट्रीटला लागूनच होतं. कोपऱ्यावरची दुमजली विटांची जुनी इमारत, वर ठळक अक्षरांत ‘हॉटेल’. आत गेलो तर बिअरचे नळ!

आपल्याकडे ‘हॉटेलात जाऊ’ म्हणजे मिसळ नाहीतर डोसा. ऑस्ट्रेलियात ‘हॉटेल’ म्हणजे बऱ्याचदा दारूचा गुत्ता. राहायच्या जागेला हा शब्द मनापासून दोघेही वापरत नाहीत. जुन्या परवाना कायद्यात दारू विकणाऱ्याने मुक्कामाची सोयही ठेवावी अशी अट असे, म्हणून या पबांच्या माथ्यावर खोल्या बांधल्या गेल्या आणि नाव हॉटेलच राहिलं. बुकिंगच्या पानावर फोटो फक्त खोलीचे होते. खाली काय आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

किल्ली बारच्या काउंटरवर मिळाली. लिफ्ट नाही. २७ पायऱ्यांचा लाकडी जिना, मध्ये वळण. बाबा एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले आणि वर पोचल्यावर खिडकी उघडून म्हणाले, “अगं, इथून मैदानाचे दिवे दिसतात.” खरंच दिसत होते. मीही तेवढ्यावर खूश झाले. रात्री खाली बँड होता. १२ वाजता ‘मेरी ख्रिसमस’चा एक सामूहिक आरडाओरडा झाला, मग शांत.

२५ डिसेंबर, बुधवार

सगळं शहर बंद. चहा मिळाला तो चौकातल्या सेव्हन-इलेव्हनच्या यंत्रातला.

रिकामा दिवस म्हणून बाबांनी रंगीत तालीम काढली. हॉटेलच्या उंबऱ्यापासून आमच्या गेटपर्यंत पावलं मोजत जायचं. रिचमंड स्टेशनच्या पुलाखालून निघालो. मैदान समोर दिसत होतं, एवढं मोठं की चालून जवळ येतंय असं वाटेचना. शेन वॉर्न स्टँडची भिंत लागली तेव्हा बाबांची मोजणी हजाराच्या आत होती. म्हणजे ६०० मीटर खोटे नव्हते! फक्त ते मैदानाच्या या अंगापर्यंतचे होते, आणि आमचं गेट बरोबर त्या अंगाला, शहराच्या बाजूला. १ लाख माणसांचं मैदान. त्याला अर्धी प्रदक्षिणा घालायची म्हणजे तेवढंच अंतर पुन्हा. गेटशी पोचेस्तोवर आकडा झाला २,१८०. वाटेत फिरकीपटू वॉर्नचा पुतळा आहे. चेंडू सोडायच्या बेतातला, मनगट वळलेलं. बाबांनी तिथे दोन मिनिटं विसावा घेतला. गुडघ्यासाठी, पण वॉर्नसाठी म्हणून.

नकाशावरचं अंतर कुठल्या दारापर्यंतचं आहे हे बघायचं असतं. तिकिटावर गेटचा नंबर असतो, तो आधी बघावा आणि मग हॉटेल. मी उलटं केलं होतं.

दुपारी दादा गाडी घेऊन आला. टारनेटला पुरणपोळी, कटाची आमटी, आणि जेवताना वहिनीचं, “तुम्हाला काय बाई, हॉटेलचं जेवण आवडतं.” उद्याचा अंदाज ४० अंशांचा आहे हे दादानेच सांगितलं. परत आल्यावर छताचा पंखा पाहिला. एसी नव्हता. हेही फोटोत कळलं नव्हतं.

२६ डिसेंबर, गुरुवार

सामना साडेदहाला. आम्ही साडेआठलाच निघालो. ब्रंटन ॲव्हेन्यूवर ऊन आत्ताच भाजत होतं आणि सगळी गर्दी आमच्या उलट दिशेने येत होती, कारण बहुतेक लोक शहराकडून येतात. निळे टीशर्ट, ढोल, ‘भारत आर्मी’ या पाठीराख्यांचे झेंडे. गर्दी कापत जाणं बाबांना नवीन नाही. संध्याकाळी ६ च्या लोकलमधून डोंबिवलीला उतरणाऱ्याला कसली गर्दी? पण तेव्हा गुडघे ४० वर्षांचे होते.

आत मात्र बाबांचा भूगोल कामाला आला. समोरचा दक्षिणेकडचा स्टँड उन्हात भाजून निघत होता, आम्ही सावलीत. सॅम कॉन्स्टास नावाच्या १९ वर्षांच्या पोराने पदार्पणात बुमराहला उलटे रॅम्प मारले, म्हणजे बॅट उलटी धरून चेंडू मागे उडवला, षटकारही ठोकला. कसोटीत बुमराहला जवळपास ४ वर्षांनी बसलेला तो पहिला षटकार. बाबा म्हणाले, “माज आहे, पण हात चांगला आहे.” कोहलीने त्याला खांदा मारला तेव्हा आमच्या आसपासच्या भारतीयांतही दोन तट पडले. ८७,२४२ माणसं होती. खायचं आपलं आपण नेता येतं, काच आणि दारू सोडून. आमच्या डब्यात वहिनीच्या उरलेल्या पोळ्या होत्या. बाहेरच्या कॅफेत सकाळी सुट्टीचा १५ टक्के अधिभार पाहिला होता, त्यामुळे त्या पोळ्या जास्तच गोड लागल्या.

खरी गंमत परतताना. २,१८० पावलं, बाबा दर ३०० पावलांना थांबत. ‘हॉटेल’पाशी पोचलो तर दारात ५० माणसांची रांग, कारण खेळ संपल्यावर अख्खं स्वॅन स्ट्रीट प्यायला येतं. मी पुढे जाऊन रखवालदाराला किल्ली दाखवली. त्याने चिरंजीवांकडे बोट करून वय विचारलं. १५. मग बारमधून आत सोडता येणार नाही म्हणाला. “अहो, त्याची खोली वर आहे!” मॅनेजरला बोलवावं लागलं, आणि मॅनेजर बिअर ओतत होता. १० मिनिटं बाबा फुटपाथवर, गॅसच्या मीटरच्या पेटीवर टेकून बसले. शर्ट पाठीला चिकटलेला, टोपी मांडीवर. काही बोलले नाहीत. ते काही बोलत नाहीत तेव्हाच मला भीती वाटते.

खोलीत भट्टी. टॉवेल ओला करून पंख्याखाली टांगला. खाली रात्री ११ वाजता कॉन्स्टासच्या नावाची गाणी चालू. मी न्हाणीघराच्या थंड फरशीवर बसून फोनवर खोल्या शोधायला लागले. त्या आठवड्यात मेलबर्नात खोली म्हणजे गणपतीत कोकणची गाडी. पावणेबाराला फ्लिंडर्स स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, कोणाची तरी रद्द झालेली खोली दिसली. रात्रीचे ३१० डॉलर. रुपयांत १६ हजारांच्या वर, म्हणजे आमच्याकडे वन बीएचकेचं महिन्याचं भाडं. डोळे मिटून बटण दाबलं. पबवाल्यांनी उरलेल्या रात्रींपैकी एकीचे पैसे परत दिले नाहीत. कागदावर त्यांची बाजू बरोबर होती.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी साडेसातला २७ पायऱ्या शेवटच्या उतरलो. नव्या हॉटेलात खोली दुपारी ३ ला मिळणार होती, पण सामान ठेवून घेतलं. कार्डावर अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवली, ती सुटायला पुढे आठवडा लागला. एकाच कार्डावर भिस्त ठेवून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता इथून मैदान किती? नकाशा म्हणत होता १.४ किलोमीटर. रिचमंडच्या दुपटीहून जास्त. बाबांनी मोजणी सुरू केली. फेडरेशन स्क्वेअरच्या मागे बिरारुंग मार हा यारा नदीकाठचा बगीचा, तिथून २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी बांधलेला विल्यम बराक पूल. रेल्वेच्या रुळांवरून सावकाश चढत-उतरत जाणारा, एकही पायरी नसलेला, आणि सगळी गर्दी आपल्याच दिशेने चाललेली. पूल संपतो तो मैदानाच्या शहराकडच्या अंगाला. समोर आमचं गेट.

“२,३४०,” बाबा म्हणाले.

म्हणजे ६०० मीटरवरचं हॉटेल २,१८० पावलं आणि भर शहरातलं हॉटेल २,३४०! त्या १६० पावलांच्या बदल्यात जिना गेला, प्रदक्षिणा गेली, उलटी गर्दी गेली. शिवाय फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनहून रिचमंडला एकच स्टेशन, ट्राम दारात.

मनमोहन सिंग आदल्या दिवशी गेले होते. खेळाडूंच्या दंडाला काळ्या फिती होत्या. ऑस्ट्रेलिया ४७४. संध्याकाळी जयस्वाल ८२ वर धावबाद झाला, कोहलीबरोबरच्या गोंधळात. चूक कोणाची यावर बाबा आणि चिरंजीव पूलभर भांडत आले. एवढ्या वेळात बाबा एकदाही थांबले नाहीत, हे मी दोघांनाही सांगितलं नाही.

खोली लहान, पण एसी, लिफ्ट, आणि खिडकीतून रेल्वे यार्ड. बाबा अर्धा तास गाड्या मोजत होते. केटल होती, म्हणून रात्री गरम पाण्याचे पोहे. खालच्या मजल्यावर शांतता, एवढी की मला बराच वेळ झोप लागेना.

२८ डिसेंबर, शनिवार

या दिवसाबद्दल हॉटेलचं काही सांगण्यासारखं नाही. आम्ही तिथे फक्त झोपलो.

सकाळी पंत २८ वर एक भलताच स्कूप मारून गेला. समालोचनात गावसकर ‘स्टुपिड, स्टुपिड, स्टुपिड’ म्हणाले हे दादाने फोनवर कळवलं. बाबांनी तेच मराठीत आणि जरा सविस्तर म्हटलं. मग नितीश रेड्डी आणि वॉशिंग्टन सुंदर उभे राहिले. मध्ये पाऊस, आम्ही छताखाली, मेतकूट-भाताचा डबा. सुंदर ५० वर गेला, रेड्डी नव्वदीत. मग रेड्डी ९९ वर, समोरच्या टोकाला बुमराह बाद, आणि शेवटचा गडी सिराज. कमिन्सचे तीन चेंडू खेळायचे.

८३ हजार माणसं एखाद्या ११ नंबरच्या बचावाला ओरडतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. पहिला चेंडू अडवला, गर्जना. दुसरा, आणखी मोठी. बाबांनी माझं मनगट धरलं होतं, आणि घड्याळाचा पट्टा कातडीत रुतत होता. तिसरा अडवला. पुढच्या षटकात रेड्डीने बोलंडला सरळ चौकार मारला, बॅट जमिनीत रोवली, तिच्या मुठीवर हेल्मेट ठेवलं आणि गुडघा टेकला. मोठ्या पडद्यावर त्याचे वडील दिसले, हात जोडलेले, रडत असलेले. आमच्या पुढच्या रांगेतला पिवळ्या टोपीचा ऑस्ट्रेलियन म्हातारा वळला आणि त्याने काही न बोलता बाबांशी हात मिळवला. थोड्याच वेळात अंधुक प्रकाशामुळे खेळ थांबला.

२९ डिसेंबर, रविवार

बाबा उठले ते गुडघा धरूनच. सुजला होता. “तुम्ही दोघं व्हा पुढे.”

रिचमंडला असतो तर दिवस गेला होता. जिना उतरून, प्रदक्षिणा घालून अर्ध्या दिवसासाठी कोण येणार? इथे बाबांनी पलंगावर पाय उशीवर ठेवून सकाळचा खेळ टीव्हीवर पाहिला, रिसेप्शनकडून बर्फ मागवला (तोही न मागता पिशवीत घालून, टॉवेलात गुंडाळून आला), आणि चिरंजीव लंचला मैदानातून बाहेर पडून त्यांना घेऊन आले. ट्रामने दोन थांबे, पुढे सावकाश. मैदानाजवळ राहायचे पैसे द्यायचे ते खरं म्हणजे यासाठी. लवकर पोचण्यासाठी नव्हे, उशिरा जाता यावं म्हणून.

त्यांना हवं ते मिळालं. बुमराहने ऑस्ट्रेलियाच्या हेडला बाद करून २०० कसोटी बळी पूर्ण केले, ते बाबांनी सीटवरून पाहिलं. जयस्वालने तीन झेल सोडले, तेही पाहिले, त्यातला सकाळचा टीव्हीवर. शेवटी लायन-बोलंड ही १० वी जोडी काही फुटेना. रविवार असून गर्दी निम्म्यावर, ४३,८६७. परतताना पुलावर वारा लागत होता.

३० डिसेंबर, सोमवार

भारताला ३४० हवे होते. बाबा सकाळी दाढी करताना १९८१ सांगत होते. याच मैदानावर ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या, कपिलने दुखऱ्या मांडीने २८ धावांत ५ घेतले आणि ते ८३ वर संपले. त्यांनी ते डोंबिवलीच्या चाळीत रेडिओवर ऐकलं होतं. “पाचव्या दिवशी इथे काहीही होतं.”

चहापानाला ३ बाद ११२. जयस्वाल आणि पंत दुपारभर उभे होते, आणि लोक अनिर्णितावर समाधानी व्हायला लागले होते. मग पंतने हेडला उंच मारला आणि लाँग-ऑनला मार्शने झेल घेतला. जयस्वाल ८४ वर, स्निकोवर, म्हणजे चेंडू बॅटला लागल्याचा आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, रेष हललेली नसताना तिसऱ्या पंचाने बाद दिला. आमच्या स्टँडमध्ये त्यानंतर जे शब्द उच्चारले गेले त्यात पंजाबी, तेलुगू आणि बाबांची मराठी होती. शेवटचे ७ गडी ३४ धावांत. १८४ धावांनी पराभव.

पडद्यावर पाच दिवसांचा आकडा आला, ३,७३,६९१. ब्रॅडमनच्या काळातला, १९३६-३७ च्या ॲशेसचा ३,५०,५३४ चा विक्रम मोडला. त्यातले १५ आम्ही, म्हणजे तिघं गुणिले पाच दिवस, असं चिरंजीवांनी सांगितलं. सामनावीराचं मुल्लाग पदक कमिन्सला मिळालं. १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा केलेल्या आदिवासी संघातल्या जॉनी मुल्लागच्या नावाचं हे पदक. बाबा शेजारच्या अनोळखी मुलाला सांगत होते, “धिस मेडल, फर्स्ट टाइम, २०२०, रहाणे. माय टाउन.”

पुलावर गर्दी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी विचारलं, “बाबा, किती झाली?”

“नाही मोजली.”

३१ डिसेंबर, मंगळवार

हिशेब चुकते केले. मिनीबारमधल्या एका पाण्याच्या बाटलीचे पैसे लावले होते, ती आम्ही फोडलीच नव्हती. सांगितल्यावर लगेच काढून टाकले. दादा न्यायला आला होता. शेवटची रात्र टारनेटलाच, हे आधीच कबूल करून घेतलं होतं त्याने. बॅगा डिकीत टाकताना म्हणाला, “काका, पुढच्या वेळी सरळ घरी उतरायचं. हे हॉटेल-बिटेल काही नाही.”

बाबा पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला, पाय लांब केला.

“तुझ्या घरापासून गेट किती पावलं?”

दादा हसला. बाबा हसले नाहीत, उत्तराची वाट बघत राहिले.